शिक्षिका असलेल्या आजीचे चरित्र घरच्या घरी कसे लिहावे

आजी गेल्यानंतर वर्षश्राद्धाच्या निमित्ताने तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढावी, असे पुण्यातील पुष्कळ घरांत ठरते आणि नातवंडांपैकी कोणाला तरी लिहायला बसवले जाते. अशा पुस्तिका चाळल्या की बहुतेकींमध्ये तीच चार विशेषणे भेटतात : प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय आणि सुगरण. ती खोटी नसतात. परंतु आजीचे नाव काढून शेजारच्या आजींचे घातले तरी मजकुरात काहीच बदलावे लागत नाही, हा त्यांचा दोष आहे. आजी शिक्षिका असेल तर आणखी एक उणीव राहते. तीस-पस्तीस वर्षे दिवसाचे सहा-सात तास ती ज्या वर्गात उभी होती, तो वर्ग घरातील कोणीच पाहिलेला नसतो. शाळेतून परतलेली आजी सर्वांना ठाऊक असते, शाळेतल्या बाई मात्र ठाऊक नसतात. चरित्र लिहायचे तर आधी या बाईंचा शोध घ्यावा लागतो, आणि तो कसा घ्यावा हेच येथे सांगायचे आहे. आजी हयात असेल तर सहस्रचंद्रदर्शनाचा मुहूर्त न पाहता आजच सुरुवात करावी, कारण पुढे येणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे फक्त तिच्याकडेच आहेत.

कपाट आवरण्यापूर्वी

पहिले काम लिहिण्याचे नाही, थांबवण्याचे आहे. दिवसकार्य आटोपल्यावर घर आवरण्याची एक लाट येते, आणि इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर ती लाट अधिकच जोराची असते. त्यात साड्या जपून वाटल्या जातात आणि कागद रद्दीत जातात. शिक्षिकेच्या बाबतीत हा व्यवहार नेमका उलटा असायला हवा. नेमणुकीचे पत्र, सेवापुस्तकाची दुय्यम प्रत, पगारवाढीचे आदेश, पाठांच्या टाचणवह्या, निवृत्तीच्या वेळचे मानपत्र, शिक्षकांच्या पतपेढीची पासबुके, निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाचे आदेश, विद्यार्थिनींनी लग्नानंतर धाडलेली पोस्टकार्डे, एवढेच नव्हे तर त्यांच्या लग्नपत्रिकासुद्धा बाजूला काढाव्यात. पतपेढीचे पासबुक हा चरित्राचा साधनग्रंथ आहे असे कोणी म्हणत नाही. पण घराचा पहिला हप्ता, मुलाचे इंजिनीअरिंगचे शुल्क आणि नणंदेचे लग्न कोणाच्या कर्जातून झाले, हे त्याच निळ्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

कागद लगेच विषयवार लावू नयेत. कोणता कागद कशासोबत, कोणत्या डब्यात किंवा वहीत मिळाला याची आधी नोंद करावी. एखाद्या टाचणवहीत घडी घालून ठेवलेली चिठ्ठी त्या वहीच्या वर्षाची असण्याचा संभव मोठा असतो, आणि ती वेगळी केली की तो पुरावा जातो. पेन्शन पेमेंट ऑर्डर मात्र इतर कागदांत मिसळू देऊ नये. आजोबा हयात असतील तर कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी तिची गरज पडते, म्हणून ती मूळ स्वरूपात वेगळी ठेवून चरित्रासाठी छायाप्रत वापरावी.

छायाचित्रांच्या मागे बॉलपेनने लिहू नये, कारण शाई आणि दाब दोन्ही पुढच्या बाजूला उमटतात; मऊ शिशाच्या पेन्सिलीने अनुक्रमांक घालावा आणि तपशील वेगळ्या वहीत लिहावा. सेलोटेप आणि लॅमिनेशन हे जुन्या कागदाचे शत्रू आहेत. दोन्हींतून कागद पुन्हा सुटा करता येत नाही. ज्या अल्बमची पाने चिकट असून वर पारदर्शक प्लॅस्टिक असते, त्यातले फोटो ओढून काढण्याचा हट्ट धरू नये. पानासकट स्कॅन करावे. दोन-तीन इंचांचे जुने फोटो ६०० डीपीआयवर आणि पत्रे ३०० डीपीआयवर स्कॅन केल्यास छपाईला पुरतात. वर्गाच्या सामूहिक छायाचित्रात पुढच्या रांगेत मांडलेली पाटी सर्वांत मोलाची, कारण तीवर इयत्ता, तुकडी आणि वर्ष असते. अशी आठ-दहा छायाचित्रे ओळीने लावली की आजीने कोणत्या वर्षी कोणता वर्ग सांभाळला याचा आराखडा आपोआप तयार होतो.

नावे आणि तारखा

स्त्रीच्या चरित्रात नावाचा घोळ ठरलेला असतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि पदवी माहेरच्या नावाने, नोकरी कधी माहेरच्या तर कधी सासरच्या, आणि लग्नात पहिले नावही बदललेले, अशी स्थिती त्या पिढीत सर्रास आढळते. नोकरी लग्नाआधी लागली असेल तर शाळेच्या जुन्या कागदांत ती माहेरच्या आडनावानेच सापडेल आणि सासरच्या नावाने विचारणाऱ्याला ‘अशा कोणी बाई नव्हत्या’ असे उत्तर मिळेल. म्हणून सर्व नावे, त्यांची आद्याक्षरे आणि प्रत्येक नाव कोणत्या काळात चालले हे एका कागदावर मांडून तो कागद सतत जवळ ठेवावा. नाव राजपत्रातून बदलले असेल तर त्या राजपत्राचे पान बहुधा सेवापुस्तकालाच जोडलेले असते.

जन्मतारखेचेही तसेच आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी तारीख दिसली तर ती खरी मानण्याची घाई करू नये. शाळेत घालताना वय बसावे म्हणून जूनची पहिली तारीख टाकण्याची पद्धत सर्वत्र होती. खरी तारीख घरच्यांच्या तोंडी तिथीच्या रूपात असते. तिथीवरून तारीख काढताना शकाच्या आकड्यात ७८ मिळवावेत, आणि जन्म पौष, माघ किंवा फाल्गुनातला असेल तर बहुधा ७९. म्हणजे शके १८५७ च्या चैत्रात जन्मलेली मुलगी १९३५ ची, तर त्याच शकाच्या माघात जन्मलेली १९३६ ची. नेमकी तारीख त्या वर्षीच्या पंचांगावरून पडताळावी. पुस्तिकेत दोन्ही तारखा द्याव्यात आणि कोणती कुठून आली ते सांगावे.

शाळेत जाऊन काय मागावे

पुण्याला शाळांचे जुने वैभव आहे. हुजूरपागा १८८४ ची, नूतन मराठी विद्यालय १८८३ चे, सेवासदन १९०९ चे. अशा संस्थांत कागद जपण्याची सवय असते. पण कार्यालयातील माणसे कामात असतात आणि भावनेने ओथंबलेला नातू त्यांना नवा नसतो. जूनमधील प्रवेशांचा आणि फेब्रुवारी-मार्चमधील परीक्षांचा काळ टाळून, मुख्याध्यापकांच्या नावे एक पानी अर्ज घेऊन जावे. त्यात आजीची सर्व नावे, सेवेचा कालावधी, विषय, आपले नाते आणि हेतू लिहावा व निवृत्तीच्या आदेशाची प्रत जोडावी. महापालिकेच्या शाळेतील शिक्षिका असेल तर ती शाळा आता दुसऱ्या शाळेत विलीन झालेली असू शकते. तेव्हा महापालिकेच्या शिक्षण विभागात आधी चौकशी करावी.

काय मागायचे हे ठरवून गेले नाही तर हाती काही लागत नाही. जनरल रजिस्टर आणि हजेरीपट मागू नयेत. त्यांत इतरांच्या मुलांची माहिती असते आणि शाळा नाही म्हणाली तर ते योग्यच आहे. त्याऐवजी शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी, शाळेचे वार्षिक अंक, शताब्दी किंवा अमृतमहोत्सवी स्मरणिका, स्नेहसंमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका आणि कार्यालयाच्या भिंतीवरील शिक्षकवृंदाची छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागावी. जुनी सूचनावही शिल्लक असेल तर तो मोठाच लाभ समजावा. मुख्याध्यापकांनी काढलेली प्रत्येक सूचना वाचून सर्व शिक्षक तीत सह्या करीत. सहल कोणाकडे, प्रश्नपत्रिका कोणाकडे, रजेवरील शिक्षकाचे तास कोणाकडे, हे त्यात दिवसागणिक सापडते, आणि आजीची सही तिच्या पत्रांतील सहीपेक्षा किती घाईची आहे हेही दिसते. तपासणीच्या वेळचे शेरे मिळाले तर तेही उतरवून घ्यावेत. ‘फळालेखन सुवाच्य, प्रश्नांचे वितरण असमान’ अशा धाटणीच्या एका कोरड्या ओळीतून शिक्षिका जितकी दिसते, तितकी मानपत्राच्या तीन परिच्छेदांतून दिसत नाही.

आजी काय शिकवीत होती, हे पुस्तकांवरून कळते. बालभारती ही पाठ्यपुस्तक मंडळाची संस्था २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यातच स्थापन झाली, म्हणजे त्याआधी नोकरीला लागलेल्या शिक्षिकेने निरनिराळ्या प्रकाशकांच्या वाचनमाला शिकवल्या आणि नंतर राज्यभर एकच असलेले पुस्तक हाती घेतले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अकरावीच्या जुन्या शालान्त परीक्षेची जागा दहावीने घेतली, तेव्हा माध्यमिक शिक्षकांचे वेळापत्रक आणि टाचणे दोन्ही बदलली. चौथी व सातवीच्या शिष्यवृत्तीचे जादा तास, राष्ट्रभाषेच्या परीक्षा, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, उन्हाळ्यात पेपर तपासण्याचे गठ्ठे या सगळ्यांत तिचा भाग कोणता होता, ते नेमके लिहावे. बालभारतीची जुनी पुस्तके पाहायला मिळतात. ज्या इयत्तेला ती शिकवीत होती त्या इयत्तेचे त्या काळातील पुस्तक समोर ठेवून तिच्या विद्यार्थिनींशी बोलले तर आठवणी भराभर निघतात.

माणसांशी बोलताना

विद्यार्थिनी शोधणे आता कठीण राहिलेले नाही. माजी विद्यार्थी संघ आणि एकेका तुकडीचे व्हॉट्सॲप गट पुष्कळ शाळांचे आहेत. त्यांतील एकाला निरोप गेला की दहाजणींचे फोन येतात. अडचण त्यापुढची आहे. ‘बाई कशा होत्या?’ असे विचारले की ‘फार छान शिकवायच्या’ असे उत्तर येते, आणि ते लिहून घेण्यात काही अर्थ नसतो. म्हणून प्रश्न वर्गातल्या वस्तूंवरून आणि कृतींवरून विचारावेत : बाई वर्गात शिरताना त्यांच्या हातात काय असे, हजेरी नावाने घेत की क्रमांकाने, वह्या तपासून परत देताना काय म्हणत, उत्तर चुकले तर पुढे काय होई, कोणती कविता चालीवर म्हणत, रागावल्या तर आवाज चढे की उतरे, त्यांनी तुम्हाला कधी मारले का. शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, तरीही विचारावा. उत्तर ऐकताना स्पष्टीकरण देऊ नये.

सहकारी शिक्षिकांकडे वेगळे धन असते. शिक्षककक्षातील डबे, मुख्याध्यापकांशी झालेले खटके, ‘ऑफ’ तासाला कोण काय विणत असे, आणि डिसेंबर १९७७ मध्ये सुरू होऊन ५४ दिवस चाललेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या आणि शिक्षकांच्या संपात आजी कोणत्या बाजूला होती, हे त्याच सांगू शकतात. पगाराविना घर कसे चालले, हे आजोबांना किंवा मोठ्या आत्याला विचारावे. या बायका आज ऐंशीच्या पुढे आहेत. एका बैठकीत तासाभरापेक्षा अधिक वेळ घेऊ नये, सोबत एखादे छायाचित्र न्यावे, ध्वनिमुद्रणाची परवानगी सुरुवातीलाच घ्यावी, पंखा शक्यतो बंद ठेवावा आणि त्याच आठवड्यात ध्वनिमुद्रण कागदावर उतरवावे. दुपारच्या विश्रांतीची वेळ टाळावी, हे पुण्यात वेगळे सांगायला नको.

वर्ष आठवत नाही, असे प्रत्येकजण म्हणतो. तेव्हा शहराच्या आठवणींचा आधार घ्यावा. जुन्या पुणेकरांच्या मनात काळ ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ असा विभागलेला असतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली आल्या. आजीचे घर नारायण किंवा शनिवार पेठेत असेल, तर त्यापूर्वीचे कागद आणि फोटो का नाहीत याचे उत्तर बहुधा याच तारखेत आहे, आणि तसे पुस्तिकेत स्पष्ट लिहावे. नुसती पोकळी ठेवू नये. शाळा पुन्हा कधी भरली, वर्गात कोणाच्या पाट्या-पुस्तके वाहून गेली होती, कोणते कुटुंब नंतर गोखलेनगरला किंवा सहकारनगरला राहायला गेले, हे विचारले की पुरापलीकडच्या कितीतरी गोष्टी बाहेर येतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पुण्यातही जाणवला होता. त्या पहाटे आजी कोठे राहत होती, किती मुले झाली होती, हे त्याच्या खुणेवरून ठरवता येते. जनगणनेची वर्षेही अशीच उपयोगी पडतात, कारण त्या कामाला शिक्षकांनाच जुंपले जाई.

दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर मधला मार्ग काढून तिसरीच हकीकत तयार करू नये. दोन्ही द्याव्यात.

लिहिताना

पहिल्या दोन पानांत स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगण्याचा मोह होतो. भिडेवाड्यात १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली, हे पुण्यातील वाचकाला माहीत आहे. त्याला माहीत नसते ते हे, की तुमची पणजी किती इयत्ता शिकली होती, आजीला शाळेत घालण्यास घरात कोणाचा विरोध होता, ती व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे त्या काळची सातवीची परीक्षा, होऊन थांबली की मॅट्रिकपर्यंत गेली, आणि बी.एड.चे वर्ष लग्नाआधीचे की दोन मुले सासूबाईंजवळ ठेवून केलेले. इतिहास याच तपशिलांतून येऊ द्यावा.

सर्वांत उपयुक्त प्रकरण एका कामाच्या दिवसाचे असते. एखादे वर्ष निवडावे, उदाहरणार्थ १९६८, आणि पहाटे नळाला पाणी येण्यापासून रात्री शेवटची वही मिटेपर्यंतचा दिवस क्रमाने लिहावा : स्टोव्ह कोण पेटवी, डबा कोणाकोणाचा भरावा लागे, शाळा सकाळची होती की दुपारची, पायी जाई की पीएमटीच्या बसने, येताना मंडई होई का, वह्यांचा गठ्ठा घरी आल्यावर कोठे ठेवी. जे कोणी सांगितले तेच लिहावे, आणि जेथे अंदाज असेल तेथे ‘बहुधा’ हा शब्द वापरावा. हे प्रकरण लिहिताना कोणाला काय विचारायचे राहिले, तेही कळते.

विशेषणांवर कठोर नजर ठेवावी. ‘आजी अत्यंत शिस्तप्रिय होती’ हे वाक्य खोडून त्याजागी शिस्त दिसेल अशी घटना घालावी : ‘घंटेनंतर येणाऱ्या मुलीला ती दाराशी उभी करी, कालच्या धड्यातला एक प्रश्न विचारी आणि उत्तर आले की आत घेई.’ अशी घटना सापडत नसेल तर ते विशेषण आपण ऐकीव धरून चाललो आहोत, असे समजावे. विद्यार्थिनींच्या मजकुरात ‘बाई’ आणि ‘त्यांनी’ असेल, घरच्यांच्या मजकुरात ‘आजी’ आणि ‘तिने’ असेल. ते एकसारखे करण्याच्या भरीस पडू नये.

अप्रिय गोष्टींचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. छडीचा वापर, एखाद्या मुलीवर झालेला अन्याय, सेवाज्येष्ठता असूनही हुकलेले मुख्याध्यापकपद, नोकरीवरून सासरी झालेली बोलणी, स्वतःच्या मुलांच्या अभ्यासाकडे झालेले दुर्लक्ष, या गोष्टी गाळल्या तर उरते ते मानपत्र. मला तर असे वाटते की पगार कोणाच्या हाती जाई, हा एक प्रश्न प्रामाणिकपणे सोडवला तरी चरित्राचा अर्धा भाग खरा होतो. मात्र ज्यांच्याशी वाद झाला ती माणसे किंवा त्यांची मुले हयात असतील तर नावे देऊ नयेत, आणि एकाच बाजूने ऐकलेली तक्रार निवाडा म्हणून मांडू नये. शाळेतील कामाला निदान एक तृतीयांश पाने द्यावीत. पुरणपोळीला एक परिच्छेद पुरतो.

छपाई आणि पुढे

मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा; जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर काही वर्षांनी उघडताना जोडाक्षरे विस्कटतात. मुद्रितशोधन आजीच्या सहकारी असलेल्या मराठीच्या निवृत्त शिक्षिकेकडून करून घ्यावे. त्या आनंदाने करतात, आणि बाईंच्या पुस्तिकेत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या तर विद्यार्थिनी त्या लाल शाईने दाखवून परत पाठवतील, हा धोकाही टळतो. प्रती थोड्याच काढाव्यात. डिजिटल छपाईत नंतर लागतील तशा वाढवता येतात. शाळेच्या ग्रंथालयाला एक प्रत आठवणीने द्यावी आणि स्कॅन केलेल्या कागदांचा संपूर्ण संच किमान दोन घरांत ठेवावा.

शोकसभेत किंवा वर्षश्राद्धाला बोलायचे असेल तर हीच सामग्री वापरावी, पण पाच मिनिटांत एकच तास, एकच वर्ग सांगावा.

शाळेत आजीच्या नावे पारितोषिक ठेवण्याचा विचार असेल तर ठेवीच्या व्याजातून ते दिले जाते, हे ध्यानात घेऊन रक्कम ठरवावी, कारण व्याजदर उतरले की बक्षीस नावापुरते उरते. पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी पारितोषिके आधीच पुष्कळ असतात. आजी ज्यासाठी जीव टाकी, त्याला ते द्यावे : सुवाच्य अक्षराला, ग्रंथालयातून सर्वाधिक पुस्तके नेणाऱ्या मुलीला, किंवा गणितात गेल्या वर्षीपेक्षा सर्वाधिक प्रगती करणारीला. अट दोन ओळींत बसेल इतकी सोपी असावी, कारण दहा वर्षांनी ती वाचणारे मुख्याध्यापक वेगळे असतील. ठेवीची पावती आणि अटींना संस्थेने दिलेले मान्यतापत्र यांच्या प्रती आजीच्या सेवापुस्तकासोबत एकाच फाइलमध्ये लावाव्यात.